हाकेचं माप

शुक्रवारपर्यंत जन्मनोंदणीच्या कागदावर नाव लिहून द्यायचं होतं आणि गुरुवार उजाडला तरी रकाना कोराच होता.

बाळ सहा आठवड्यांचं. तूर्तास त्याची आई त्याला गोळा म्हणायची. त्याचा बाप जहाजावर इंजिन सांभाळायचा. बाळ अकरा दिवसांचं असताना तो कामावर परतला, तो आता सात महिन्यांनी येणार होता. जाताना फ्रिजवर यादी चिकटवून गेला होता: वणवा, पोलाद, धडाका, वादळ.

"निवड तुझी, पण यातूनच," त्याने बजावलं होतं. "नाव असं हवं की हजेरी घेताना बाईंच्या हातातला पेन पडला पाहिजे."

तिला ती यादी ट्रॅक्टरच्या जाहिरातीसारखी वाटायची. तिच्या मनात दुसरंच नाव होतं, अलवार. ते तिने त्याला एकदा फोनवर सांगितलंही होतं. जहाजावरच्या फोनला शब्द पोचायला दोन सेकंद लागत. दोन सेकंदांनी उत्तर आलं होतं, "काय? अगं, तुझा आवाजच येत नाही." असं तो दर वेळी म्हणायचा. ती दर वेळी उपग्रहाला दोष द्यायची आणि पुढचं वाक्य आणखी छोटं करायची.

भांडण हा तिचा प्रांत नव्हता. मोजमाप हा होता. कानाच्या दवाखान्यात ती नऊ वर्षं लोकांची श्रवणशक्ती तपासत आली होती. कुठला शब्द किती अंतरावर विरतो, हे तिला पाठ होतं. हाक आपणच मारायची आहे ना, मग पाचही नावं मोजू, असं तिने ठरवलं. अलवारही तितकंच लांब जातं हे आकड्यांत दिसलं, की नवऱ्याला दाखवता येईल. बाळंतपणाची रजा चालू असतानाच दहाच्या सुमारास गोळ्याला छातीशी बांधून ती दवाखान्यात गेली.

"या, या! नवा पेशंट का?" तिथली यंत्रं सांभाळणारे काका खुर्चीतून उठले. काकांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. तो कान आपण राखीव ठेवलाय, असं ते सांगत.

"पेशंट मीच आहे, काका. आवाज मोजायचा मीटर लावता का?"

आवाजबंद खोलीत काकांनी मीटर स्टँडवर बसवला, तिच्यापासून बरोबर एक मीटरवर. मग ते काचेपलीकडे जाऊन बसले. तिने जाड दार लावून घेतलं. या खोलीत आवाज भिंतीवरून परत येत नाही. तोंडातून सुटला की तिथेच संपतो. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की घरही हल्ली असंच असतं.

तिने एकेक नाव हाक मारल्यासारखं म्हटलं. काका स्पीकरवरून आकडे सांगत गेले.

"वणवा एक्केचाळीस. पोलाद बेचाळीस. धडाका एक्केचाळीस. वादळ एक्केचाळीस. अलवार चाळीस."

"मीटर बिघडलाय," ती म्हणाली. साधं बोलणंही साठ डेसिबलच्या आसपास जातं.

काका आत आले, तिच्या जागी उभे राहिले आणि म्हणाले, "अलवार." आकडा सदुसष्ट.

"मीटर ठणठणीत आहे, बाई. जरा जोरात म्हणा की."

"जोरातच म्हटलं होतं."

काका हसले नाहीत. "घरी बोलायला कोण असतं?"

तिने मान खाली करून गोळ्याकडे पाहिलं.

"आणि हे साहेब काय म्हणतात?"

"अजून काही नाही."

म्हणजे बिचाऱ्या उपग्रहाचा काही दोष नव्हता. बाळ जागं होऊ नये म्हणून आधी ती हळू बोलायला लागली. मग बाळ जागं असतानाही तशीच बोलत राहिली, कारण दुसरं ऐकणारं कुणी नव्हतंच. सहा आठवड्यांत तिला नावाने कुणी हाक मारली नव्हती. दूधवाल्याची ती ताई, काकांची बाई आणि नवऱ्याची अगं. नावं मोजायला आली होती आणि मोजला गेला होता तिचा आवाज.

उद्या हा पळायला लागेल. जिन्यावरून, मैदानावरून, रस्त्याच्या कडेवरून त्याला मागे बोलवायचं असेल, तेव्हा बाप समुद्रावर असेल. चाळीसच्या आवाजात तो मागे वळणार नाही.

"काका, परत आकडे सांगा." काका पुन्हा काचेपलीकडे गेले.

पोलाद म्हणताना तिला हसूच आलं. धडाका घशातच अडकला. वणवा तर रस्त्यावर ओरडायची सोय नव्हती, लोक बादल्या घेऊन धावले असते. अलवार मोठ्याने म्हटलं की खोटं वाटायचं. ते कुजबुजण्यासाठीच होतं. उरलं वादळ. त्यातला पहिलाच 'वा' तोंड पुरतं उघडल्याशिवाय निघेना.

"वादळ."

"सेहेचाळीस."

"वादळ!"

"पंचावन्न. चालू द्या."

तिने श्वास पोटापर्यंत घेतला. "वादळ!"

गोळ्याचे दोन्ही हात झटकन फाकले, ओठ थरथरला आणि त्याने टाहो फोडला. बाहेर काका कान चोळत उभे राहिले. "एकाहत्तर! राखीव कानापर्यंत पोचलं बरं का!" मग काचेतून मीटरकडे वाकून पाहिलं. "आणि साहेबांचे शहाऐंशी. बापावर गेलेत."

घरी येऊन तिने रकाना भरला. दुपारी फोन आला.

"वादळ ठेवलं," ती म्हणाली.

दोन सेकंद गेले. "अगं, ओरडतेस कशाला? येतंय ऐकू!" तो हसत होता. तिला आणखी बरंच सांगायचं होतं, पण मध्येच फोन तुटला. तो पुन्हा वाजतो का, याची तिने थोडा वेळ वाट पाहिली. फ्रिज घरघरत होता. तिने त्याच्यावरची यादी काढली, घडी करून खणात ठेवली.

गोळा आतल्या खोलीत जागा होता, छताकडे पाहत. स्वतःचं नाव ओळखायला त्याला अजून साडेतीन-चार महिने लागणार, हे तिला माहीत होतं. तरी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"वादळ!"

सवयीने ती दोन सेकंद थांबली. मग तिने परत हाक मारली.