झिंक कुणाच्या पट्टीत

दोघा खाटीक भावांनी बापाच्या दुकानावरून एकमेकांवर सुरे चालवले, तेही भरदुपारी, गिऱ्हाईक मटण घ्यायला उभं असताना. गिऱ्हाईक चप्पल टाकून पळालं. थोरल्याचा उजवा अंगठा उभा फाटला, धाकट्याच्या दंडाची फाक पडली.

दवाखान्यात दोघांनाही एकाच नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं. निम्म्या पेशंटांच्या पट्टीत झिंक ऑक्साइडचे जंतू मारणारे नॅनो कण, निम्म्यांच्या पट्टीत साधं मलम. कुणाला काय, हे सिस्टरलाही मुद्दाम सांगितलेलं नव्हतं.

धाकट्याचा दंड भरत आला. थोरल्याचा अंगठा काळा पडून वास मारू लागला. अंगठा गेला की सुरा गेला, आणि सुरा गेला की दुकान धाकट्याच्या घशात. हे थोरल्याला झोपेतही दिसायचं.

त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत धाकटा आधीच स्टुलावर बसला होता.

"काय दादा, आत मेलेला उंदीर बांधलायस का?"

थोरल्याने लाथेसरशी स्टूल उडवलं. धाकट्याचं डोकं ट्रॉलीवर आपटलं, कात्र्या-चिमटे खणखणत सांडले. थोरला त्याच्या छातीवर बसला आणि दातांनी दंडाची पट्टी फाडली. टाके उसवले, रक्त भिंतीवर उडालं.

"माझं झिंक ढापतोस, भाडखाव?"

धाकट्याने हाताला लागलेला चिमटा त्याच्या गालात खुपसला.

"अरे, खाटीकखाना आहे का हा?" सिस्टर ओरडली.

"आम्ही दोघं खाटीकच आहोत, सिस्टर," धाकटा खालून म्हणाला.

वॉर्डबॉयनी दोघांना ओढून वेगळं केलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. असे टाके तुटल्यावर गुपित कसलं ठेवायचं? त्यांनी चाचणीच्या ऑफिसात फोन करून कुणाला काय ते विचारलं.

"झिंक तुमच्याच पट्टीत होतं," त्या थोरल्याला म्हणाल्या. "यांना साधं मलम."

"खोटं. मी रोज घरी पट्टी सोडून बघायचो. पांढरी पूड कधीच दिसली नाही."

"ते कण डोळ्यांना दिसत नाहीत, इतके बारीक असतात. आणि रोज सोडायचात? मटणाच्या हातांनी?"

थोरल्याने उजवा हात पाठीमागे लपवला.

"अंगठा उद्या काढावा लागेल."

धाकटा फिसकन हसला. थोरल्याने वॉर्डबॉयला झटकून दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. डावा हात आवळला. उजव्याची बोटं वळली, काळा अंगठा तेवढा सरळच राहिला.

धाकट्याने तो उजवा हात मानेवरून अलगद सोडवला.

"राहू दे, दादा," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.