डाव्या कोपऱ्यातला गडी

शिवा घाडी सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात नाशिकच्या तुरुंगातून सुटून दादर स्टेशनावर उतरला, तेव्हा त्याच्या गळ्यात हार पडला. हार त्याच्यासाठी आणलेला नव्हता. त्याच गाडीने संयुक्त महाराष्ट्राचे दोन सत्याग्रही तीन आठवड्यांची शिक्षा भोगून परत येत होते आणि त्यांना न्यायला लालबागची पन्नासेक माणसं आली होती. एक हार उरला होता. बारीक केस कापलेला, काखेत वळकटी धरलेला शिवा समोर दिसला, तेव्हा तो हार त्याला घातला गेला. कोणीतरी विचारलं, तुम्ही किती दिवस होतात आत? शिवा म्हणाला, साडेपाच वर्षं. चळवळ सुरू व्हायच्याही आधी तिच्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी त्याला खांद्यावर उचललं. आपण वेगळ्या कामासाठी आत होतो, असं शिवाने दोनदा सांगून पाहिलं, पण घोषणांत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

शिवा आत गेला होता तो माणूस मारून. एक्कावन्न साली लालबागच्या उदयभैरव व्यायाम मंडळाचा तो कबड्डीतला पहिल्या नंबरचा चढाईपटू होता. त्याची चढाई बघायला गिरणीची पाळी सुटलेली माणसं डबा हातात घेऊन उभी राहत. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात डिलाईल रोडच्या समता क्रीडा संघाच्या बुधाजी साळवेने शेवटच्या चढाईत त्याचा घोटा धरला आणि रेषेपासून वीतभर अंतरावर त्याला पाडलं. उदयभैरव एका गुणाने हरलं. संध्याकाळी सोडावॉटरच्या दुकानासमोर बुधाजी हसून त्याला काहीतरी बोलला आणि शिवाने हातातली बाटली त्याच्या डोक्यात घातली. बुधाजी दोन दिवसांनी इस्पितळात वारला. मागे त्याची बायको सुंदराबाई आणि तीन वर्षांची चंपा राहिली. कोर्टाने शिवाला सात वर्षं दिली, चांगल्या वर्तणुकीबद्दल दीड वर्षाची सूट मिळाली.

परत आल्यावर गिरणीने त्याला घेतलं नाही. भायखळ्याच्या भाजीबाजारात तो गोणी उचलू लागला. संध्याकाळी मात्र पाय आपोआप उदयभैरवच्या मैदानाकडे वळत. तो कडेला उभा राही. खेळायला मिळेल का, हे त्याने कोणाला विचारलं नाही, पण त्याच्या उभं राहण्यावरूनच ते सगळ्यांना कळत होतं.

मंडळाने यावर कार्यकारिणीची बैठक बोलावली. अध्यक्ष अप्पा शिरोडकर म्हणाले की शिक्षा भोगून झाली, म्हणजे हिशेब मिटला. चिटणीस रघुवीर म्हणाला, शिंपी सुटून आला तर पुन्हा मशीनवर बसतोच ना? यावर शाळेत शिकवणारे माधव मास्तर उभे राहिले. मास्तर मंडळाची नीतिमत्ता सांभाळत, कारण दुसरं पद शिल्लक नव्हतं. ते म्हणाले, "शिंप्याच्या दुकानाबाहेर दोनशे पोरं टाळ्या वाजवत नाहीत. उद्या ही पोरं वर्गात मला विचारतील, मास्तर, माणूस मारला तर किती वर्षांनी टाळ्या मिळतात? मी काय सांगू?"

मुद्दा खरा होता. बैठकीत कोणालाच उत्तर सुचलं नाही, म्हणून चहा मागवला गेला आणि शिवाला न घेण्याचं ठरलं.

पुढच्याच रविवारी नायगावला उदयभैरव पहिल्या फेरीत बावीस गुणांनी हरलं. सोमवारी पुन्हा बैठक भरली. आता मास्तरांना असं दिसलं की न्यायालयाने दिलेली शिक्षा पूर्ण झाल्यावर तिच्यात भर घालणं म्हणजे न्यायालयाचा अवमान, आणि मुलांच्या मनावर कायद्याबद्दल आदर बिंबवायचा तर शिवाला घेतलंच पाहिजे. ठराव एकमताने पास झाला. परळच्या सामन्यांची हँडबिलं त्याच रात्री छापायला गेली. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'प्रदीर्घ कारावासानंतर प्रथमच मैदानात'. कारावास कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं. त्या दिवसांत कोणी विचारतही नसे.

शिवाला बातमी सांगितली तेव्हा त्याचे डोळे भरले. मग तो म्हणाला की सुंदराबाईंना कोणीतरी विचारायला हवं. अप्पांना ही कल्पना आवडली नाही, पण रघुवीरला वाटलं की बाईंची संमती मिळाली तर तीही हँडबिलावर घालता येईल. शेवटी तिघे डिलाईल रोडला गेले. शिवा चाळीच्या जिन्याखालीच थांबला.

सुंदराबाई गिरणीच्या रीळ खात्यातून नुकती घरी आली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला हार होता, आणि शेजारी समता संघाच्या सात गड्यांचा जुना फोटो. तिने पाहुण्यांना बसायला चटई दिली. अप्पा बरंच बोलले. तरुण वय, रागाचा एक क्षण, खेळाची सेवा, मनाचा मोठेपणा. सुंदराबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मी नाय म्हटलं तर?" तिने विचारलं.

अप्पांनी रघुवीरकडे पाहिलं. रघुवीरच्या शर्टाच्या खिशातून हँडबिलाचं टोक बाहेर आलं होतं. ते त्याने आत ढकललं.

"म्हणजे विचारायला नाय आलात, सांगायला आलात," ती म्हणाली. "खाली उभा हाय त्याला वर बोलवा."

शिवा वर आला आणि दारातच थांबला. सुंदराबाईने त्याला बस म्हटलं नाही.

"तुला खेळायचंय?"

"व्हय." थोडं थांबून तो म्हणाला, "दुसरं कायच येत नाय मला."

"मग खेळ. पण यांच्याकडं कशाला? यांच्याकडं सात गडी आत आणि पाच बाहेर बसलेत. समताचे सहाच उतरतात, साडेपाच वर्षं. चंपाच्या बापाच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहायला कुठली आई पोरगा देत नाय. गडी तू कमी केलास. तिथं उभा ऱ्हा."

अप्पा मोठ्याने हसले, कारण बाईंनी विनोद केला असं धरणं सोयीचं होतं. जिना उतरताना ते म्हणाले, "चला, संमती मिळाली." रघुवीरने ते वहीत टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातलं काम आटोपून तो समताच्या मैदानावर गेला. संघाचा कर्णधार भिवा कांबळे बुधाजीचा जोडीदार होता. उजव्या कोपऱ्यात तो आणि डाव्यात बुधाजी, असे दोघे सहा वर्षं खेळले होते. शिवाला बघताच त्याने हातातली माती खाली टाकली आणि त्याला चालता हो म्हणून सांगितलं. शिवा म्हणाला की सुंदराबाईंनी पाठवलंय. भिवाला ते खोटं वाटलं. तो तसाच चाळीत गेला आणि अर्ध्या तासाने परतला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"पाच वाजता यायचं," तो शिवाकडे न बघता म्हणाला. "उशीर चालायचा नाय."

परळच्या सामन्यांना हँडबिलामुळे तोबा गर्दी झाली. पहिला सामना समताचा होता आणि त्याकडे कोणी फारसं लक्ष देत नव्हतं. पंचांनी गडी मोजले, सात भरले, यादीतली नावं जुळली, त्यांना तक्रारीचं कारण दिसलं नाही. मग प्रेक्षकांतल्या कोणीतरी डाव्या कोपऱ्यातला माणूस ओळखला. आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या. अप्पा खुर्चीवरून उठले ते उभेच राहिले.

शिवाला पकड येत नव्हती. आयुष्यभर तो धरणाऱ्यांच्या हातांतून सुटायला शिकला होता, धरायला नाही. पहिल्या तीन चढायांत समोरचा गडी त्याच्या हातांतून निसटला. चौथ्या वेळी त्याने घोटा धरला आणि लाथ तोंडावर बसली तरी सोडला नाही. भिवा येऊन वर पडला आणि गडी बाद झाला. उठताना दोघांची नजर भेटली आणि दोघांनीही ती वळवली. समता संघ दोन गुणांनी हरला. सुंदराबाई चंपाचा हात धरून मागे उभी होती. सामना संपल्यावर ती कोणाशी न बोलता निघाली. वाटेत शेजारणीने विचारलं, माफ केलंस म्हणायचं की काय त्याला? सुंदराबाई म्हणाली, "माफ कुठं केलंय? ती जागा रिकामी बघवत नव्हती."

त्याच संध्याकाळी उदयभैरवही हरलं, मोठ्या फरकाने.

तिसरी बैठक फार चालली नाही. मंडळाच्या घटनेतलं अकरावं कलम रघुवीरने वाचून दाखवलं. ज्या खेळाडूचं नाव एका मंडळाने जाहीर केलं, त्याने लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याकडून खेळणं हा गंभीर गुन्हा होता. माधव मास्तर फार हळवे झाले होते. मुलांना निष्ठा कशी शिकवायची, असं त्यांनी विचारलं, आणि या वेळी सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. शिवा घाडीला दोन वर्षं खेळायला बंदी घालावी, असं एकमताने ठरलं. ठरावात 'अक्षम्य' हा शब्द मास्तरांनी स्वतः घातला. त्याची प्रत मुंबईतल्या सगळ्या मंडळांना गेली आणि सगळ्यांनी ती पाळली. अशा बाबतीत मंडळांची एकी असे.

ती दोन वर्षं सामन्यांत समताचे पुन्हा सहाच गडी उतरले. पण सरावाला शिवा रोज पाचला हजर असे. एकोणसाठ साली बंदी उठली तेव्हा त्याचं वय तेहतीस होतं आणि डावा गुडघा कुरकुरू लागला होता. त्या मोसमात तो सगळे सामने डाव्या कोपऱ्यात खेळला. समता एकदा दुसऱ्या फेरीपर्यंत गेला, त्यापुढे नाही. सुंदराबाई त्याच्याशी पुन्हा कधीच बोलली नाही. भिवा मात्र बोलायचा. पकड उशिरा झाली की मैदानभर ऐकू जाईल अशा शिव्या घालायचा, घोटा कसा धरायचा ते खाली बसून दाखवायचा, आणि शिवा मान खाली घालून ऐकून घ्यायचा व पुन्हा करून बघायचा.