सरकलेली खुर्ची

तळ्यावरून फेरी मारायला निघालेलं सहल कंपनीचं छोटं विमान उडाल्याउडाल्या नाक वर करून उभं राहिलं आणि शेजारच्या शेतात आदळलं. वैमानिक गेला, सहलीला आलेलं जोडपंही गेलं. ‘पोरगा मस्ती दाखवायला गेला,’ असा निकाल बघ्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच दिवशी लावून टाकला.

चौकशी अधिकारी असलेल्या बाईंना सगळे ताईच म्हणत. पाच दिवस त्या हँगरमध्ये एकेक तुकडा उलटासुलटा करून बघत होत्या. इंजिन ठीक, तारा ठीक, इंधन भरपूर. सहाव्या दिवशी सकाळी वैमानिकाची खुर्ची ज्यावर पुढेमागे सरकते त्या रुळाशी त्या पालथ्या पडल्या आणि मदतीला असलेल्या विमानाच्या मिस्त्रींना ओरडल्या, “मिस्त्री, टॉर्च! पळा!”

खुर्चीची खीळ ज्या भोकात बसते ते झिजून लांबट झालं होतं. तिथून रुळाच्या टोकापर्यंत ताजा, चकचकीत ओरखडा.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. “आयला! नाक वर झालं आणि खीळ निसटली...”

“आणि खुर्ची सर्रकन मागे! अशा वेळी माणूस हातात असेल तेच घट्ट धरणार ना? त्यानं समोरचा, विमान वरखाली करायचा दांडा धरला. दांडा ओढला गेला, की नाक आणखी वर!” तीन माणसं गेलीत आणि आपल्याला चक्क आनंद होतोय, याची त्यांना लाज वाटली; पण क्षणभरच. “मिस्त्री, कंपनीचं दुसरं विमान कुठंय?”

ते धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं. पंखा फिरत होता, मागच्या खिडकीत दोन चिमुकली तोंडं.

ताईंनी टॉवरला फोन लावला. “थांबवा त्याला! कारण मागून सांगते!” आणि पदर खोचून धावत सुटल्या.

पंखा थांबला. “झालंय काय एवढं?” वैमानिक वैतागला होता. मिस्त्रींनी त्याच्या खुर्चीला दोन्ही हातांनी हिसका दिला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खट्कन खीळ सुटली आणि तो खुर्चीसकट मागे गेला. त्यानं घाईघाईनं पट्टा सोडला. मागच्या पोरी मात्र खिदळल्या.

दुपारपर्यंत त्या जातीच्या सगळ्या विमानांची उड्डाणं थांबली. संध्याकाळी ताई मेलेल्या वैमानिकाच्या आईकडे गेल्या आणि सगळं समजावून सांगितलं.

आई शेवटपर्यंत ऐकत होती. मग उठली, दार सताड उघडलं आणि शेजारच्यांना हाक मारली.

“आता परत सांगा,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं.”