मंत्रीणबाईंचा मिस्त्री

"आवाज वाढव," मिस्त्री म्हणाला.

डेपोच्या कँटीनमधल्या टीव्हीचा आवाज ड्रायव्हरने कमी केला होता, तो मिस्त्रीच्या भिडेखातर. पडद्यावर मिस्त्रीची बायको बोलत होती. परिवहनमंत्री. "मूठभर लोकांच्या हट्टापायी लाखो प्रवाशांना वेठीला धरता येणार नाही," ती म्हणत होती. उद्यापासून बस कर्मचाऱ्यांचा संप हा गुन्हा ठरणार होता. संप उद्याच होता.

"जाऊ द्या ना मिस्त्री," ड्रायव्हर म्हणाला.

"वाढव म्हटलं ना. त्या मूठभरांत मीपण आहे. ऐकू दे काय म्हणते ते."

आठवड्यापूर्वी एका गाडीचा उतारावर ब्रेक लागला नाही आणि तिचा ड्रायव्हर जागच्या जागी गेला. ती गाडी मिस्त्रीने नापास केली होती. भांडारात सुटे भाग नव्हते, तरी वरून हुकूम आला, गाडी काढा. आता चौकशीत सगळी चूक त्या ड्रायव्हरच्या माथी मारली होती. कामगारांचं म्हणणं एवढंच होतं, की ब्रेकचं सामान येईपर्यंत असल्या गाड्या आम्ही हलवणार नाही.

मंत्रीणबाई पूर्वी याच डेपोत कंडक्टर होत्या. तेव्हा इथे बायकांसाठी संडास नव्हता. ड्युटी संपेपर्यंत बाया पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. एका सकाळी ही उठली आणि फाटकात पहिल्या गाडीपुढे जाऊन बसली. मागोमाग बाकीच्या बसल्या. मिस्त्री पाना टाकून तिच्याशेजारी बसला आणि दोघंही निलंबित झाले. संडास बांधला गेला. युनियन तिथून उभी राहिली, पुढे निवडणूक, मग मंत्रिपद. तिला बंगला मिळाला. मिस्त्रीने मात्र डेपोमागचं दोन खोल्यांचं क्वार्टर सोडलं नाही. "सकाळच्या पाळीला जवळ पडतं," असं तो लोकांना सांगायचा.

त्या संध्याकाळी ती क्वार्टरवर आली. बॉडीगार्डला जिन्यात उभं करून तिने दार लोटून घेतलं.

"उद्या फाटकावर जाऊ नका," ती म्हणाली.

"नवऱ्याला सांगतेस की कर्मचाऱ्याला?"

"अहो, माझं ऐकून तरी घ्या. मागच्या संपात एक बाळंतीण हॉस्पिटलपर्यंत पोचली नाही. तिची आई येऊन माझ्यासमोर बसली. काय सांगू मी तिला? तुमच्या लेकीपेक्षा आमचा संप मोठा?"

मिस्त्री आणखीच पेटला.

"आणि मेलेल्या ड्रायव्हरची आई? ती कुणासमोर बसणार? तुझ्या दारावरचे पोलीस तिला आत तरी सोडतील का?"

"सामानासाठी भांडतेय मी. आत राहूनच भांडता येतं. मी राजीनामा दिला तर त्या खुर्चीत ठेकेदारांचा माणूस बसेल. तो तर डेपोच विकून टाकेल."

"बसू दे की. त्याने कायदा केला तर त्याला शिव्या देत फाटकावर बसू आम्ही. तुला काय म्हणायचं? बाया विचारतात मला, मिस्त्री, आता ताईंच्या नावाने घोषणा द्यायच्या की ताईंच्या विरुद्ध?"

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "मी काय सुखाने केलं असेल का हे?"

"संडासासाठी बसलो तेव्हा आजचा कायदा असता तर तू तुरुंगात असतीस."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?" मिस्त्रीचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "तेव्हा तुला लागली होती, आता आम्हाला लागलीय. एवढंच ना?"

ती दाराकडे वळली. जाताना तिने दार हळूच ओढून घेतलं.

सकाळी फाटकावर सगळे बसले होते. पोलीस एकेकाला उठवून गाडीत घालत होते. मिस्त्रीपाशी आल्यावर इन्स्पेक्टर वाकून कुजबुजला, "साहेब, तुम्ही घरी जा. वरून फोन आलाय."

शेजारी बसलेल्या बायांनी ते ऐकलं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. आदल्या दिवशीचं भाषण मिस्त्रीने गिळलं असतं, पण ही मेहेरबानी त्याच्या घशाखाली उतरेना. तो उठला, इन्स्पेक्टरला बाजूला सारून चालत गेला आणि स्वतःच पोलिसांच्या गाडीत चढला.

"फोन करणारीला सांगा," तो आतून म्हणाला, "मिस्त्री सापडला नाही म्हणून."

चौकीत टेबलामागचा हवालदार नवा होता. एकेकाला समोर बोलावून तो माहिती लिहून घेत होता.

"काम?"

"मेकॅनिक. बस डेपो."

"बायको आहे? काय करते?"

मिस्त्रीने टेबलावरच्या रजिस्टरकडे पाहिलं.

"कंडक्टर होती."

हवालदाराने मान वर केली. त्याचा आवाज एकदम मवाळ झाला. "गेल्या का?"

बाहीला हात पुसून मिस्त्रीने सही करायला पेन मागितलं.