इंजेक्शन कुणी मागितलं

भारतीचं ऑपरेशन झालं तेव्हा गोळीबार चौकातल्या अख्ख्या गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला, जणू पोट गल्लीचंच दुखत होतं. वर्षानुवर्षं पाळी आली की ती उशी पोटाशी धरून लोळायची, आणि येणारा-जाणारा तिला ओवा नाहीतर धीर सुचवायचा. शेवटी सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. एंडोमेट्रिओसिस, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेरही वाढतं आणि दर महिन्याला तिथंही रक्त साचतं. दुर्बिणीतून गाठ काढली. दुखणं परत उचल खाऊ नये म्हणून दर महिन्याला एक इंजेक्शन ठरलं. त्यानं पाळीच बंद राहणार होती.

पाळी बंद झाली खरी, पण बाई आगीतून फुफाट्यात पडली. गांधीबागेतल्या साडीच्या दुकानात ती गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायची. आता एसीखाली बसूनसुद्धा छातीपासून टाळूपर्यंत भडका उठायचा, कानामागून घामाच्या धारा लागायच्या आणि थोड्या वेळानं हुडहुडी भरायची. गुडघे असे धरायचे की उठताना जमिनीला हात टेकावा लागे. झोप तर उडालीच. वय छत्तीस आणि अंग साठीतल्या बाईचं. एकदा एका गिऱ्हाईक बाईनं, घामाचा डाग पडेल म्हणून, तिच्या हातातली साडी ओढून घेतली. त्या दिवशी भारती दुकानाच्या जिन्यात बसून रडली. एवढं रडू का येतंय हे कळेना, म्हणून आणखी रडली.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "होतं थोडं. सहन करायचं." सहन करणं हे एकच औषध असं आहे, जे बायकांना कुठंही फुकट मिळतं आणि कधी संपत नाही.

घरी सासूबाई, म्हणजे वच्छलाबाई, मात्र खूश होत्या. या कोष्ट्याच्या घरातले माग केव्हाच भंगारात गेले, भारतीचा नवरा हेमराज इलेक्ट्रिकच्या दुकानात नोकरीला लागला, पण पाळीत बाजूला बसायची रीत तेवढी शाबूत राहिली. आणि भादव्यातल्या महालक्ष्म्या तर वच्छलाबाईंचा जीव की प्राण. ऐन जेवणाच्या दिवशी सून बाजूला बसली तर सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा कुणी करायचा? म्हणून दर वर्षी भारतीला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दिल्या जायच्या. नंतर दुप्पट दुखायचं, ते तिचं तिनं बघायचं.

"औंदा टेन्शनच नाही," वच्छलाबाई शेजारच्या प्रेमिलाबाईंना सांगत होत्या. "इंजेक्शन चालू हाय न तिचं. लय चांगलं निघालं बाप्पा ते."

प्रेमिलाबाईंनी आपल्या सुनेसाठी त्या इंजेक्शनचं नाव विचारून घेतलं. भारती आत कणीक मळत ऐकत होती. तेच इंजेक्शन या दोघींना टोचावं आणि मग विचारावं, कसं काय निघालं, असं तिच्या मनात आलं.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी हेमराजसोबत वच्छलाबाईही जातीनं दवाखान्यात आल्या. महालक्ष्म्या दीड महिन्यावर होत्या, मधेच खाडा नको.

"मॅडम, मले हे नाही जमून राहिलं," भारती म्हणाली. "दुसरं काही नाही का?"

"आहे ना. रोजची गोळी आहे," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "मी ऑपरेशन झाल्यावर दोन्ही सांगितलं होतं. गोळीनं मधूनमधून डाग पडू शकतात, म्हणून तुमच्या घरच्यांनीच इंजेक्शन मागितलं."

भारतीनं हेमराजकडं पाहिलं. हेमराज भिंतीवरचं गरोदर बाईचं चित्र बघत होता.

"मले कवा सांगतलं?"

"तू गुंगीत होती वं," तो म्हणाला. "मॅडमनं विचारलं, तं आईनं म्हटलं..."

"काय म्हटलं?"

"काय म्हणन?" वच्छलाबाईंनी पदर सावरला. "गोळीनं कवाही डाग पडते म्हणे. महालक्ष्म्याच्या पुढं डाग पडला तं पाप कोनाच्या डोक्यावर? तुह्याच भल्याचं पाह्यलं न."

भारतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ही आग इंजेक्शनची नव्हती. एवढे दिवस ती आपल्या शरीराला दोष देत होती, नशिबाला देत होती. आणि नशीब तर इथंच, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, भाज्या कोण चिरेल या हिशेबानं ठरलं होतं.

"मंग मी उठतपर्यंत थांबाचं होतं," ती म्हणाली. "अंग कोनाचं होतं? आन मॅडम, तुम्ही ह्याहीले काहून विचारलं? पोट तं माहं फाडलं."

"हे बघा, आम्हाला नातेवाइकांशीच बोलावं लागतं."

"माह्यासंग बोला. मी इथंच बसून आहो."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मग पहिल्यांदाच त्या भारतीकडं बघून बोलल्या. गोळीचेही त्रास असतात, वजन वाढतं, मन उदास होतं, डाग तर पडतातच. इंजेक्शनच चालू ठेवायचं तर हाडांसाठी आणि या भडक्यांसाठी सोबत हार्मोनची थोडी मात्रा देता येते. ही सोय होती आणि आजवर कुणी बोललं नव्हतं, हे ऐकून तर भारतीचा पारा आणखी चढला. पण तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं आणि गोळी लिहून घेतली.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. भडके हळूहळू विरळ झाले. गुडघे मोकळे झाले. भारती रात्रभर झोपू लागली आणि सकाळी चहा पिताना गुणगुणायलाही लागली. वच्छलाबाई मात्र रोज तिच्या तोंडाकडं बघत दिवस ढकलत होत्या.

आणि जेवणाच्या दिवशी सकाळीच डाग पडला. भारतीनं लपवलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सांगून टाकलं. वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. भारतीच्या नणंदेला तातडीनं उमरेडहून बोलावलं आणि हेमराजला विळीवर बसवलं. भारतीसाठी मागच्या खोलीत नेहमीची चटई टाकली होती. तिनं ती गुंडाळून ठेवली आणि खुर्ची घेऊन सरळ बाहेरच्या खोलीत, पाहुणे येतात तिथं, येऊन बसली.

दुपारी प्रेमिलाबाई दर्शनाला आल्या. भारती बाहेर बसलेली बघून थबकल्या. वच्छलाबाई घाईघाईनं पुढं आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तब्येत बरी नाही तिची. ऑपरेशन झालं न."

"माही तब्येत बरी हाय, काकू," भारती आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "डाग पडला म्हून बाहेर बसून आहो. आजारी तं मी इतके वर्ष होती, आतमंदी तुमच्यासाठी पुरण वाटत होती तवा. तवा कोनं विचारलं?"