भुताच्या गॅरेजमधलं तिसरं वळण

ट्रेंटने गॅरेजच्या फरशीवर पांढरी टेप चिकटवून यंदाची वाट आखली होती. टेप म्हणजे भिंती. महिनाभरात तिथे काळे रंगवलेले प्लायवुडचे तक्ते उभे राहणार होते आणि हॅलोविनच्या, भुताखेतांच्या सणाच्या संध्याकाळी सगळी गल्ली त्या तक्त्यांमधून एकमेकांना धरून किंचाळत जाणार होती. बाजूच्या दारातून आत, पहिल्या वळणावर कसाईखाना, दुसऱ्यावर शवागार, मग तिसरं वळण आणि तिथून मोठ्या दाराने अंगणातल्या खोट्या थडग्यांमध्ये.

तिसरं वळण नवीन होतं. ते बसवायला ट्रेंटने वाट अरुंद केली होती.

गॅरेज त्याच्या आत्याचं, डोलोरेसचं. हा खेळही तिनेच सुरू केलेला. शाळेची बस चालवण्यात तिचं आयुष्य गेलं आणि प्रत्येक ऑक्टोबर या गॅरेजमध्ये. शेवटचा धक्का तिचा ठरलेला असे. डुलत्या खुर्चीत ती बाहुलीसारखी पडून राहायची. लोक हसत पुढे गेले की उठून मागे लागायची. भीती मागूनच घालायची, हा तिचा नियम. समोरून दचकवलं तर माणूस उलटा फिरतो आणि मागच्यांना तुडवतो. मागून दचकवलं तर दाराकडे पळतो.

या मार्चमध्ये मधुमेहाने तिचा उजवा पाय नेला. आता ती व्हीलचेअरवर होती.

मी शेजारी. थडगी रंगवणं माझ्याकडे. टेप लावली त्या शनिवारी मी ब्रश धूत होतो, डोलोरेस माझ्या आणि ट्रेंटच्या मधोमध बसली होती. ट्रेंट माझ्याकडे बघून म्हणाला, "नॉर्बर्टकाका, आत्याला थंडी वाजत असेल का हो?"

"तिला विचार की," डोलोरेस म्हणाली. "इथेच बसलीय ती."

"तसं नाही गं, आत्या."

"मग कसं?"

डोलोरेसने चाकं फिरवली आणि ती टेपच्या वाटेत शिरली. पहिलं वळण पार झालं. दुसऱ्यावर तिला मागेपुढे करावं लागलं. तिसऱ्यावर दोन्ही चाकं टेपवरून गेली.

"घे. पडली तुझी भिंत," ती म्हणाली.

"पण तुला आत यायचंच नाहीये," ट्रेंट म्हणाला. "शेवटचा धक्का यंदा मशीन देणार. तिसऱ्या वळणावर सांगाडा आहे, हवेच्या दाबावर उडी मारतो."

"समोरून?"

"समोरूनच मारणार. मशीन काय पाठलाग करणार आहे?"

ट्रेंटची बायको केल्सी घाईने मध्ये पडली. "आत्या, तुम्हाला फाटकापाशी चॉकलेट वाटायचं टेबल दिलंय. चेटकिणीची टोपीही आणलीय. सगळ्यांना दिसाल तुम्ही."

"दिसायचं असतं तर मी भूत कशाला झाले असते?"

मला हसू आलं. डोलोरेस हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"आणि माझ्यासारखं चाकांवरून कोणी आलं तर? त्याने काय करायचं?"

"त्यांच्यासाठी दुपारची फेरी आहे ना," ट्रेंट म्हणाला. "लहान मुलांबरोबर."

दुपारच्या फेरीत आम्ही सगळे दिवे लावतो. भुतं मुखवटे काढून हात हलवतात, म्हणजे पोरं रडत नाहीत.

डोलोरेसने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "दिवे लावून," ती म्हणाली. "मुखवटे काढून. ट्रेंट, माझा पाय गेलाय. भ्यायला पाय लागत नाहीत."

"आत्या, उगाच चिडतेस. तुझ्या सोयीसाठीच—"

"माझी सोय मला न विचारता? मार्चपासून बघतेय मी. दुकानात गेले तर गल्ल्यावरची पोरगी केल्सीला विचारते, यांना पिशवी हवी का? लोक दार धरतात, वाट देतात आणि पटकन दुसरीकडे बघतात. सगळा जन्म मी लपायच्या जागा शोधल्या. पेटीत, पडद्यामागे, पेंढ्यात. आता कुठेही गेले तरी लपलेलीच असते. फुकट!"

मग तिने शांतपणे सांगितलं, "मी रांगेत बसणार. साध्या कोटात, बघायला आलेल्या बाईसारखी. त्यांच्या मागून आत जाणार. तुझ्या सांगाड्यापेक्षा मला लोक कमी घाबरले तर टेबलावर बसव मला. टोपीसकट."

"मग वाट रुंद करावी लागेल, तिसरं वळण जाईल."

"जाऊ दे."

"दर वर्षी तुझंच खरं!"

"गॅरेज कोणाचं?"

ट्रेंटने गुडघे टेकले आणि टेप ओरबाडून काढायला लागला. टेपबरोबर फरशीचा रंगही निघाला. त्या दिवशी तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही.

हॅलोविनच्या संध्याकाळी तिसऱ्या वळणाचे उरलेले तक्ते कुंपणाला टेकून होते आणि चॉकलेटच्या टेबलावर ट्रेंट होता. टोपी त्याला लहान होत होती. डोलोरेस करड्या कोटात, मांडीवर पर्स घेऊन रांगेत बसली होती. चाकांना मी सकाळीच तेल दिलं होतं.

तिच्या पुढे लोकरी टोपीतला एक सभ्य गृहस्थ होता, बायको आणि दोन मुलींसह. त्याने वाकून दाराशी उभ्या असलेल्या केल्सीला विचारलं, "या बाईंना आत जमेल का? त्यांना त्रास नको."

केल्सीने डोलोरेसकडे पाहिलं, ओठ चावला आणि म्हणाली, "जमेल."

त्याने दार धरलं. डोलोरेसने 'तुम्ही आधी' अशी खूण केली. तो संकोचून हसला, तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत आत गेला. ती मागोमाग गेली.

मी थडग्यांपाशी उभा होतो. आधी मुलींचं खिदळणं ऐकू आलं, मग कसाईखान्याचा करवतीचा आवाज, मग काहीच नाही. आणि मग एक आवाज, शाळेच्या बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला कमावलेला. ओळखीचा असूनही माझ्या हातातली विजेरी पडली. सगळं कुटुंब मोठ्या दारातून गवतावर आलं, सगळ्यांच्या पुढे तो गृहस्थ. त्यांच्या मागे, हात पसरून, डोलोरेस.

पोट धरून हसून झाल्यावर त्याची नजर खुर्चीवर गेली. तो गंभीर झाला आणि मला म्हणाला, "त्या ठीक आहेत ना?"

"मी ठीक आहे," डोलोरेस म्हणाली. "तुमची टोपी आत पडलीय."

तो टोपी न घेताच गेला. ती चाकांवर हात ठेवून त्या कुटुंबाच्या पाठीकडे बघत राहिली. "दार धरलं त्याने," ती म्हणाली. "चांगला माणूस. विचारलं मात्र केल्सीला. घाबरून झाल्यावर तुला."

ट्रेंट टेबल सोडून आला होता. आवाज त्यालाही पोचला होता. "नॉर्बर्टकाका, आत्याला—" असं म्हणून तो थांबला. टोपी काढून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आत्या, थंडी वाजतेय?"

"केव्हाची," ती म्हणाली. "शाल आण. आणि पुढची रांग सोड आत."