मोहरीएवढा खडा

तंबाखूचे पाइप घडवणारा माझ्या काकांइतका हट्टी कारागीर शोधून सापडायचा नाही. त्यांच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली, म्हणजे माझंही डोकं फारसं ठिकाणावर नसणार.

आमचे पाइप ब्रायरचे. ब्रायर म्हणजे एका रानझुडपाच्या मुळाशी जमिनीत वाढलेली गाठ. ती तासन्‌तास उकळायची, मग वर्षानुवर्षं सावलीत वाळवायची. इतकी घट्ट, की पोटात निखारा घेऊनही सहसा पेटत नाही. तिची वाईट खोड एकच, वाढताना ती कधीकधी खडे गिळते, आणि कापेपर्यंत पत्ता लागू देत नाही. बाकीचे कारागीर तिथला खळगा लुकण भरून बुजवतात आणि मोकळे होतात. काकांकडे खडा निघाला की पाइप शेगडीत. "माझा शिक्का खोटं बोलत नाही," एवढंच म्हणायचे.

त्यांची नजर आता पार मंदावली होती. चौदा वर्षं वाळवलेला शेवटचा ठोकळा हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, "हा झाला की मी थांबणार." तो दातांच्या डॉक्टरांसाठी होता. डॉक्टर जगाला तंबाखू सोडायला सांगतात, स्वतःचा पाइप मात्र इथून नेतात.

तीन आठवडे काकांनी नुसत्या अंगठ्याने रेषा चाचपत तो घडवला. मी बघतच राहायची. असा हात मी दुसरा पाहिला नाही. आणि शेवटच्या दिवशी तंबाखू भरायच्या वाटीच्या बाहेरच्या अंगाला, तळाशी, मला खडा दिसला. काका जेवायला गेले तेव्हा मी सरसात भुसा कालवून तो बुजवला आणि असा घासला, की मलाच सापडेना.

मेणाआधी पाइपला जीभ लावायची त्यांची सवय. ओल्या लाकडात रेषा उठून दिसतात, त्यासाठीच लावतात अशी माझी समजूत. आता दिसतंय कुठे, म्हणून मी निर्धास्त होते. तळाशी त्यांची जीभ थांबली.

"कोरडं लाकूड जीभ धरून ठेवतं. इथे धरत नाही. काय भरलंस?"

"सरस आणि भुसा."

"खडा केवढा?"

"मोहरीएवढा." मला रडू फुटलं. "तुमचा शेवटचा होता, काका. मला नव्हता जाळायचा."

काकांनी पाइप खाली ठेवला. मग खिशातून शिक्का काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"मला बोटालाही लागला नव्हता. तुला दिसला. आजपासून हा तुझा. मारायचा की नाही, तू ठरव."

या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही कधी वाटली नव्हती. मी पाइप शेगडीत टाकला.

ब्रायरच तो, लवकर पेटेना. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

"रेषा कशा आल्यात गं?"

"सरळ वर गेल्यात, काका. एकही वाकडी नाही."

"अजून सांग," ते म्हणाले. पाइप पूर्ण जळेपर्यंत मी सांगत राहिले.